चार संघ आणि एकच प्रशिक्षक, हे आता थांबवा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांचे मुख्याध्यापक व संस्थाचालक, खासगी क्रीडा अकादम्यांचे चालक आणि शालेय स्पर्धांचे वेळापत्रक आखणारे सर्वजण यांस,

सविनय नमस्कार.

मी ऐरोलीत कबड्डी शिकवते. ज्या संस्थेत शिकवते तिने नुकतेच ठरवले आहे की, येत्या जूनपासून प्रत्येक प्रशिक्षकाने किमान चार संघ सांभाळायचे. आजवर माझ्याकडे मुलींचे दोन संघ होते, १४ वर्षांखालचा आणि १७ वर्षांखालचा. मुलांचे दोन संघ पाहणाऱ्या सरांचे मानधन बंद होते आहे आणि त्यांचेही संघ माझ्याकडे येत आहेत. कारण विचारले तेव्हा मला सांगण्यात आले, “मॅडम, सगळीकडे असंच चालतं.”

ते खरे आहे. म्हणूनच हे पत्र एका संस्थेला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की चर्चा त्या एका शाळेपुरती होईल आणि तोच कारभार करणारे बाकीचे सगळे नामानिराळे राहतील.

कळव्यात मातीच्या मैदानावर मी खेळायला लागले तेव्हा आमच्या मंडळाला एकच सर होते आणि त्यांच्याकडे आमचा एकच संघ. कोण कोणत्या पायावर भार टाकते, कुणाचा दम अर्ध्या चढाईत तुटतो, कोण आज घरून न जेवता आली आहे, हे त्यांना न सांगता कळायचे. आज माझी मुलगी कोपरखैरण्यात खो-खो खेळते. तिच्या सरांकडे खो-खोचे चार संघ आहेत, शिवाय फुटबॉल आणि मैदानी स्पर्धांची मुले. माणूस प्रामाणिक आहे, जीव तोडून राबतो. पण माझ्या मुलीचा घोटा बरेच दिवस सुजलेला होता, ती खांबाजवळ वळताना पाय उचलून टाकत होती, आणि हे मी जाऊन सांगेपर्यंत त्यांच्या लक्षात आले नव्हते. मला त्यांचा राग आला नाही. त्या संध्याकाळी मैदानावर त्यांच्यासमोर किती मुले होती ते मी पाहिले होते. दोरीच्या आत प्रशिक्षक म्हणून आणि दोरीच्या बाहेर आई म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी मी हे पाहते आहे.

हे कसे झाले ते आधी सांगते. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात, मुलांच्या वेगळ्या आणि मुलींच्या वेगळ्या. दहावीपर्यंतची शाळा एकाच खेळात उतरली तरी चार संघ होतात. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल तर सहा. कबड्डीच्या एका संघात १२ जण, म्हणजे चार संघांचे ४८. प्रत्येकाचा जन्मदाखला, आधार, फोटो, ओळखपत्रावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का, ऑनलाइन नोंदणी. हे सगळे एकाच माणसाने करायचे आणि त्यानेच संध्याकाळी शिट्टी घेऊन मैदानावर उभे राहायचे.

मुलींचे संघ वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला आपल्या नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. एरवी “दहावीपर्यंत खेळू दे, मग बघू” म्हणणारे पालक त्यानंतर मुलीचा हात धरून स्वतःहून मैदानावर येताना मी पाहिले आहेत. मुली आल्या, संघ वाढले, फी भरणारी घरे वाढली. मुलांकडे पाहणारी मोठी माणसे मात्र तेवढीच राहिली, आणि आमच्याकडे तर आता एक कमी होते आहे.

त्यात दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. जितके संघ उतरवाल तितके पालक खूश, आणि माहितीपत्रकात संघांची यादी तितकी लांब. संघाचे नाव नोंदवायला फारसा खर्च येत नाही, प्रशिक्षक नेमायला येतो. माझ्या मते साऱ्या दुखण्याचे मूळ इथे आहे.

आता तक्रारी. पहिली सामन्याच्या दिवसाची.

आपल्याकडे पहिल्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात होतात. मैदानात दोन दिवस पाणी साचले की सामने पुढे जातात. पुढे गणपती, मग सहामाही परीक्षा, मग नवरात्र. वरच्या स्तरावरच्या स्पर्धेची तारीख मात्र जागची हलत नाही, म्हणून राहिलेले सामने एका दिवसात कोंबले जातात. १४ वर्षांखालील मुली एका नोडमधल्या, म्हणजे नवी मुंबईच्या एका उपनगरातल्या, मैदानावर, १७ वर्षांखालील मुले दुसऱ्या नोडमध्ये, आणि दोघांची हजेरी सकाळी ८ वाजता. अशा वेळी प्रशिक्षक कुठे जातो? जो संघ जिंकण्याची शक्यता जास्त, तिथे. संस्थेची अपेक्षा तीच असते. म्हणजे जवळजवळ दरवेळी धाकट्या मुली एकट्या पडतात. त्यांच्याबरोबर शिपाईमामा जातात किंवा त्या दिवशी ज्यांना तास नाही अशा एखाद्या बाई. बाई मायेने पाणी देतात, दप्तरे सांभाळतात, पण लोण (समोरचा सगळा संघ बाद करणे) म्हणजे काय हे त्यांना मुलींकडूनच समजून घ्यावे लागते.

कबड्डीत प्रत्येक सत्रात संघाला ३० सेकंदांचे दोन टाइमआउट मिळतात. मुलींचे एक सत्र १५ मिनिटांचे. समोरचा संघ लोण चढवण्याच्या बेतात आहे, आपल्या दोनच मुली आत उरल्या आहेत, अशा वेळी टाइमआउट घेतला की मुली धावत दोरीकडे येतात आणि प्रशिक्षकाच्या तोंडाकडे बघतात. बोनसच्या मागे लागू नकोस, तिला आत येऊ दे, डाव्या कोपऱ्याने घाई करायची नाही. एवढे ऐकायला ३० सेकंद पुष्कळ झाले. ऐकवणारेच कोणी नसेल तर तेरा वर्षांची कर्णधार मैत्रिणींच्या तोंडाकडे बघते आणि दोरीपलीकडून कुणाचे तरी बाबा ओरडतात, “पकड ना तिला!” मुली हरतात. हरण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, खेळात ते व्हायचेच. पण घरी जाताना त्या एवढेच धरून जातात की आपला सामना कुणाला यावेसे वाटण्याइतका महत्त्वाचा नव्हता. पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्या नाव देत नाहीत आणि मग आपणच म्हणतो, मुलींना खेळात रस राहत नाही.

दुसरी तक्रार वजनाची. बाहेरच्यांना ही फार ठाऊक नसते. कबड्डीत लहान वयोगटांना वजनाची मर्यादा असते आणि सामन्याआधी काटा लागतो. तेरा-चौदाव्या वर्षी पोरे भराभर उंच होतात. एका उन्हाळ्यात चपलेचा नंबर दोनदा बदलतो. वजन वाढते, वाढायलाच हवे. माझ्यासमोर १२ मुली असतील तर कुणाचे अंग भरते आहे हे मला काट्याशिवाय कळते आणि मी वेळेवर सांगू शकते की बाळा, तू यंदा वरच्या गटात खेळ. समोर ४८ मुले असली की ते काट्यावरच कळते. मुलांना हे नीट ठाऊक असते, म्हणून ती आपापले उपाय करतात. आदल्या दिवसापासून जेवायचे नाही, पाणी प्यायचे नाही, रेनकोट घालून धावायचे. काटा पार झाला की उपाशीपोटी लागोपाठ सामने. चढाईवरून परतताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन मध्यरेषेजवळ मटकन बसलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या प्रशिक्षकाचा दुसरा संघ त्या वेळी शेजारच्या मैदानावर खेळत होता. मुलाने सकाळपासून काही खाल्लेले नाही हे फक्त त्याच्या मित्रांना माहीत होते.

तिसरी दुखापतीची, आणि यात मला सगळ्यात जास्त भीती डोक्याला लागणाऱ्या माराची वाटते. साखळी पकडीत एखाद्याचे डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटते, मूल उठते, हात झटकते, खेळायला लागते. रक्त आलेले नसते. मेंदूला धक्का बसल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही, हा क्रीडावैद्यकातला पक्का नियम आहे. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर लहान वयात तो जिवावर बेतू शकतो. पण शंका येणार कुणाला? अशा माराची खूण कित्येकदा एवढीच असते की नेहमी बडबड करणारी मुलगी गप्प बसते, गुण किती झाले ते विसरते, विचारले तर उशिरा उत्तर देते. ती एरवी कशी असते हे ज्याला माहीत आहे त्यालाच फरक दिसणार. महिन्यातून चारदा तिला ओझरते पाहणाऱ्याला ती शहाणी, शांत मुलगी वाटेल.

गुडघ्याचेही तसेच. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळणे हे त्याचे एक मोठे कारण. त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. फिफाने फुटबॉलसाठी तयार केलेला ‘११ प्लस’ हा सुमारे २० मिनिटांचा पूर्वव्यायाम नियमित केला तर दुखापती कमी होतात हे सिद्ध झाले आहे, आणि त्यातले बरेचसे प्रकार कबड्डी, खो-खोलाही चालतात. अट एकच. व्यायाम करताना कुणीतरी प्रत्येकीचे गुडघे बघायला हवेत. ४८ जोड्या गुडघे एका नजरेत मावत नाहीत.

चौथी तक्रार थोडक्यात मांडते, कारण तिच्यात वाद घालण्यासारखे काही नाही. शाळेच्या बसमध्ये चालकाखेरीज एक मदतनीस असावा असा नियम महाराष्ट्रात २०११ पासून आहे. घर ते शाळा एवढ्या प्रवासाला आपण दोन मोठी माणसे लावतो. त्याच मुलांना सामन्यासाठी ठाण्याला न्यायचे झाले की रिक्षा, ट्रान्स-हार्बरची गर्दी, फलाट बदलणे, आणि सोबत एक माणूस. एका मुलीला बरे वाटेनासे झाले तर तिच्याजवळ थांबायचे की बाकीच्या अकराजणींबरोबर जायचे? ब्रिटनमध्ये मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या एनएसपीसीसी या संस्थेची क्रीडासंस्थांना शिफारस आहे की, ९ ते १२ वर्षांच्या ८ मुलांमागे एक मोठे माणूस हवे, १३ ते १८ वर्षांच्या १० मुलांमागे एक हवे, आणि मुले कितीही कमी असली तरी किमान दोघे हवेत. २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात बदलापूरला जे घडले त्यानंतर शाळांच्या व्हरांड्यांत कॅमेरे लावण्याबद्दल आपण खूप बोललो. मैदानावर, कपडे बदलायच्या खोलीत, परतीच्या प्रवासात मुलांबरोबर कोण असते, हेही त्याच काळजीने विचारले पाहिजे.

आणि पाचवी तक्रार अशा मुलांची, ज्यांची तक्रार कधी कुणाच्या कानावर येत नाही. राखीव खेळाडूंची. प्रत्येक संघात सातजण खेळतात आणि पाचजण बाहेर बसतात. चार संघ म्हणजे बाहेर बसणारी २० मुले. ज्याच्याकडे एकच संघ असतो तो प्रशिक्षक त्या पाचांना शेवटच्या काही मिनिटांत का होईना आत घेतो, सरावात त्यांच्या चढाया वाढवतो, घरी जाताना खांद्यावर हात ठेवून सांगतो की तुझी पकड सुधारली. ज्याच्याकडे चार संघ असतात त्याला आपल्या सातांची नावे पाठ असतात. बाकीच्यांना तो “ए, निळा टी-शर्ट” म्हणून हाक मारतो. त्याला दोष देऊ नका, हा आकड्यांचा परिणाम आहे.

ही मुले भांडून जात नाहीत. एक आठवडा क्लास असतो, मग पाहुणे येतात, मग परीक्षा, आणि मग ती यायचीच थांबतात. मुलींच्या बाबतीत कारणे आणखी असतात. पाळी सुरू झालेली असते आणि सांगायला कुणी नसते. घरी मोठ्या भावाला तोकडी पँट खटकलेली असते. संध्याकाळी अंधार पडल्यावर रबाळे किंवा घणसोलीला उतरून एकटीने चालत जायची भीती वाटते. यातली प्रत्येक अडचण मी सुटलेली पाहिली आहे. कधी आईशी एक फोन, कधी लांब ट्रॅकपँटची परवानगी, कधी त्याच बाजूला राहणाऱ्या दोघींची जोडी लावून देणे. पण मुलगी येत नाही हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले तरच हे जमते. दोन महिन्यांनी हजेरीपटावर कळून उपयोग नसतो, तोवर तिने बूट धाकट्या बहिणीला देऊन टाकलेले असतात.

आम्हा प्रशिक्षकांबद्दलही लिहायला हवे, आणि यात आमच्या बाजूचेही काही सांगायला हवे. बऱ्याच ठिकाणी मानधन संघामागे मिळते. एका संघाच्या मानधनात घर चालत नाही, म्हणून अनेकजण स्वतःहून जास्त संघ मागून घेतात. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, संध्याकाळी अकादमी, रविवारी टर्फवर छोट्या मुलांची बॅच. घसा बसलेला, ताप अंगावर काढलेला, जेवण रेल्वेच्या डब्यात. यातल्या काहींनी पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून शिक्षण घेतले आहे, काहींनी बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, केले आहे. त्यांना काम येते, करायला वेळ नसतो. मानधन देण्याची पद्धतच अशी आहे की ती माणसाला जास्त मुले घ्यायला लावते आणि प्रत्येक मुलाला कमी द्यायला लावते. आणि त्याने नाही म्हटले तर त्या जागी यायला कोणी ना कोणी तयार असतेच.

तुमची उत्तरे मला माहीत आहेत. बैठकीत ती ऐकली आहेत.

“आचरेकर सरांनी नाही का एवढी मुले घडवली?” रमाकांत आचरेकर सर तेंडुलकरला स्वतःच्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे, ही गोष्ट खुद्द सचिनने अनेकदा सांगितली आहे. ती नीट ऐका. मुलाला जास्त खेळायला मिळावे म्हणून सर मुलाला घेऊन फिरत होते. आज प्रशिक्षक एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर एकटा पळतो आणि मुले मागे त्याची वाट पाहत बसतात. सरांचे नाव घ्यायचे असेल तर त्यांच्यासारखे एका मुलामागे फिरायची मोकळीक आम्हाला द्या.

“पैसे कुठून आणायचे?” छोट्या अनुदानित शाळांची आणि महापालिकेच्या शाळांची अडचण खरी आहे. शिक्षणहक्क कायद्यानेही सहावी ते आठवीच्या वर्गांना, आणि तेही पट शंभरावर असेल तर, शारीरिक शिक्षणासाठी एक अर्धवेळ निदेशकच सांगितला आहे. पण तो कायदा रोजच्या तासासाठी आहे, स्पर्धेत उतरणाऱ्या संघांसाठी नाही. अशा शाळांनी शेजारच्या शाळेशी हातमिळवणी करावी. एका सेक्टरमधल्या दोन शाळांनी मिळून दोन प्रशिक्षक नेमले, एकाने दोन्ही शाळांच्या मुली घेतल्या आणि दुसऱ्याने मुले, असे का होऊ नये? सराव एकत्र, सामन्याला आपापल्या नावाने. कॉलेजात खेळणारी, नुकतीच १९ ओलांडलेली मुले-मुली आपल्या भागात भरपूर आहेत. त्यांना योग्य मानधन देऊन सहायक म्हणून घ्या. ज्या शाळा खेळाची वेगळी फी घेतात आणि ज्या अकादम्या दरमहा पैसे घेतात, त्यांना मात्र हे कारण पुढे करता येणार नाही. मैदानांची सबबही नवी मुंबईत टिकत नाही. ठाण्यात जागेची चणचण आहे हे मान्य, पण सिडकोने आखलेल्या नोडांमध्ये शाळांजवळ मैदाने आहेत.

आणि “जास्त संघ सांभाळणे अशक्य नाही” हेही मला कुणी सांगितले आहे. काही गोष्टी एकत्र होतात, हे मी स्वतः करते म्हणून जाणते. पूर्वव्यायाम, पळणे, पायांची हालचाल, पकडीचे प्राथमिक धडे हे २४ मुलींना एका वेळी देता येतात. मैदानाचे चार भाग करून टोळ्या फिरवता येतात. मोठ्या मुली धाकट्यांना शिकवतात आणि त्यात दोघी सुधारतात. म्हणून दोन संघांना माझी ना नाही. दोनच्या पुढे गेले की ते शिकवणे राहत नाही, हजेरी होते. संघनिवड, सामना, दुखापत आणि मुलाच्या घरची परिस्थिती, ही चार कामे गटाने होत नाहीत.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. स्पर्धांच्या काळात, म्हणजे जून ते डिसेंबर, कोणत्याही प्रशिक्षकाकडे दोनपेक्षा जास्त संघ देऊ नयेत आणि ते दोन्ही एकाच खेळाचे असावेत.

दोन. प्रत्येक संघाबरोबर सामन्याला दोन मोठी माणसे असावीत. मुलींच्या संघाबरोबर त्यांतली एक बाई असावी, आणि दोघांपैकी किमान एकाने प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले असावे. प्रशिक्षणाचा खर्च संस्थेने करावा.

तीन. हे स्पर्धा आखणाऱ्यांसाठी. प्रवेशअर्जात संघासमोर प्रशिक्षकाचे नाव सक्तीचे करा आणि एकच नाव दोनपेक्षा जास्त संघांसमोर आले तर अर्ज परत पाठवा. एका शाळेचे एका खेळातले सामने शक्यतो एकाच मैदानावर ठेवा, मध्ये पुरेसे अंतर ठेवा. पावसाने तारखा हलतात हे दरवर्षीचे आहे, तेव्हा राखीव दिवस आधीच जाहीर करा. प्रशिक्षक दुसऱ्या मैदानावर अडकला म्हणून कोणत्याही संघाला प्रशिक्षकाविना उतरावे लागू नये.

चार. माणसे पुरत नसतील तर संघ कमी उतरवा. पण कात्री लावताना ती पहिल्यांदा मुलींवर किंवा १४ वर्षांखालच्यांवर चालवू नका. कुठलाही संघ बंद करण्याआधी पालकांशी बोला.

पाच. मानधन संघामागे न देता महिन्याला ठरवून द्या, म्हणजे कुणाला पोटासाठी पाचवा संघ घ्यावा लागणार नाही.

सहा. फी घेताना पालकांना लेखी सांगा की तुमच्या मुलाच्या प्रशिक्षकाकडे एकूण किती संघ आणि किती मुले आहेत. पालकांनो, तुम्हीही हे विचारा. बूट कोणते घ्यायचे हे आपण दुकानात अर्धा तास विचारतो. मुलाकडे लक्ष कोण देणार, हे विचारायला संकोच नको.

मी माझ्या संस्थेला लेखी कळवले आहे की मुलींचे दोन संघ मी आजवर सांभाळले तसेच सांभाळीन. मुलांचे दोन संघ मी घेणार नाही. त्या मुलांना त्यांच्या सरांनी शिकवावे, त्यांना परत बोलवावे, अशी विनंती त्याच पत्रात केली आहे. याचा परिणाम म्हणून माझेही काम जाऊ शकते हे मला सांगण्यात आले आहे आणि ते समजून मी सही केली आहे. ज्या प्रशिक्षकांना हे पटते त्यांनीही आपल्याकडे किती संघ आहेत ते आपापल्या संस्थेला लेखी कळवावे. तोंडी बोलणे बैठकीबाहेर पोहोचत नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडतील आणि मागोमाग संघांची नोंदणी सुरू होईल. निर्णय बदलायचा असेल तर त्याआधी बदलावा लागेल. कुठल्याही शाळेने, अकादमीने किंवा आयोजकांनी यावर चर्चेला बोलावले तर मी येईन. फक्त बैठक संध्याकाळी ७ नंतर ठेवावी, त्याआधी सराव असतो.

आपली,
एक कबड्डी प्रशिक्षिका, ऐरोली